कॅच अ फायर

जमेकातील ‘द वेलर्स’ या रेगे संगीतवृंदाची दीर्घ ध्वनिमुद्रिका. लंडनच्या आयलंड रेकॉर्ड्‌स या कंपनीने ती १३ एप्रिल १९७३ रोजी प्रकाशित केली. तीत नऊ गीते असून त्यांपैकी सात बॉब मार्ली (१९४५–८१) याची व दोन पीटर टॉश (१९४४–८७) याची आहेत. त्या काळी रेगे संगीत मुख्यतः दोन गीतांच्या लहान तबकड्यांतून विकले जाई. रॉकप्रमाणे सलग ऐकण्याची कृती म्हणून कल्पिलेल्या आरंभीच्या रेगे मुद्रिकांत हिची गणना होते.

मार्ली, टॉश, बनी लिव्हिंग्स्टन (१९४७–२०२१) व त्यांचे सोबती यांनी १९६३ मध्ये किंग्स्टनमधील ट्रेंचटाउन या गरीब वस्तीत हा वृंद उभारला. जो हिग्ज या गायकाने त्यांच्याकडून मेळगायनाची तयारी करून घेतली. जमेकात लोकप्रियता लाभली, तरी मिळकत तुटपुंजीच राहिली. सु. १९७० मध्ये ली पेरी या निर्मात्याकडे काम करीत असताना त्याच्या वादकांपैकी अ‍ॅस्टन बॅरेट (१९४६–२०२४) आणि त्याचा धाकटा भाऊ कार्लटन (१९५०–८७) हे वृंदात आले. अ‍ॅस्टन बेस गिटार वाजवी, तर कार्लटन ड्रम.

या बंधूंचे वादन हा मुद्रिकेचा खरा पाया होय. ‘वन ड्रॉप’ नावाच्या ठेक्यात चार मात्रांपैकी पहिली मात्रा ड्रमवादक मोकळी सोडतो आणि तिसऱ्या मात्रेवर एकवट आघात करतो. समेवर वजन अपेक्षिणाऱ्या आपल्या कानांना हा ठेका प्रथम अधांतरी वाटतो. दुसऱ्या व चौथ्या मात्रांवर गिटारचे तुटक आघात पडतात आणि बेसची सुरावट गाण्याच्या बरोबरीने स्वतंत्रपणे चालते.

आयलंडचा संस्थापक क्रिस ब्लॅकवेल याचे बालपण जमेकात गेले होते. १९७२ मध्ये लंडनमध्ये पैशांवाचून अडकलेल्या या वृंदाला त्याने मुद्रिकेसाठी सु. ४,००० पौंड आगाऊ दिले. किंग्स्टनमधील ध्वनिमुद्रणगृहांत मुद्रण पूर्ण करून मार्ली फिती घेऊन लंडनला आला. तेथे रॉकच्या श्रोत्यांना रुचावे म्हणून त्यांत भर घालण्यात आली. अलाबामातील वेन पर्किन्झ याने गिटारवादनाची, तर टेक्ससच्या जॉन बंड्रिकने कळवाद्यांची साथ मिसळली. बेसचा जोर काहीसा उतरविण्यात आला आणि दोन गीते वगळण्यात आली. ‘काँक्रीट जंगल’ या गीतातील पर्किन्झचे एकल वादन सुरेख आहे, हे नाकारता येत नाही. तथापि त्याच गीतात बेसवर अ‍ॅस्टनऐवजी तरुण रॉबी शेक्सपिअर आहे, हे अनेकांच्या लक्षातही येत नाही. मूळ जमेकन रूप २००१ मध्ये प्रथमच अधिकृतपणे प्रकाशित झाले. ते अधिक सडे आहे आणि प्रस्तुत लेखकाच्या मते अधिक भेदकही.

मुद्रिकेचे पहिले वेष्टन बिजागरीने उघडणाऱ्या सिगारेट-लायटरच्या आकाराचे होते. ते हाताने जुळवावे लागे, म्हणून सु. २०,००० प्रतींनंतर ते सोडून देण्यात आले. १९७४ च्या आवृत्तीवर मार्लीचे छायाचित्र आले आणि वृंदाचे नाव ‘बॉब मार्ली अँड द वेलर्स’ असे छापले गेले. तोपर्यंत लिव्हिंग्स्टन व टॉश वेगळे झाले होते. तिघा समान गायकांचा वृंद एका नायकाच्या नावाने ओळखला जाऊ लागला.

बॅरेट बंधू मार्लीच्या मृत्यूपर्यंत त्याच्यासोबत राहिले. गीताचे स्वामित्व सामान्यतः शब्द व चाल रचणाऱ्याकडे जाते. ठेका व बेसची सुरावट घडविणारा वादक त्यातून सहसा वगळला जातो. वृंदाच्या उत्पन्नातील वाटा आणि काही गीतांचे कर्तृत्व यांसाठी अ‍ॅस्टनने लंडनच्या उच्च न्यायालयात दावा लावला. १९९४ च्या तडजोडीने त्याने आपले हक्क सोडून दिले होते, या मुख्य कारणास्तव २००६ मध्ये तो फेटाळण्यात आला. कार्लटन व टॉश या दोघांचीही १९८७ मध्ये किंग्स्टन येथे हत्या झाली होती. अ‍ॅस्टनचे ३ फेब्रुवारी २०२४ रोजी निधन झाले.