जीवशास्त्रज्ञाची नोकरी आली कुठून?

विज्ञान मेळाव्यांच्या निमित्ताने आम्ही शाळांमधून जातो, तेव्हा एक प्रश्न हमखास येतो. व्याख्यान संपते, मुले पांगतात आणि एखादी विद्यार्थिनी जवळ येऊन हळूच विचारते, "सर, मला जीवशास्त्र आवडतं. पण डॉक्टर नाही झाले, तर पुढे काय?" शेजारी उभ्या असलेल्या बाईंचेही उत्तराकडे लक्ष असते. पालकसभेत हाच प्रश्न त्यांना विचारला जातो.

"आवड असली की सगळं मिळतं," हे उत्तर सोपे आहे, पण खरे नाही. "त्यात काही वाव नाही," हेही खरे नाही. खरे उत्तर शोधण्यासाठी थोडे मागे जाऊ. जीवशास्त्र करण्याबद्दल पगार मिळतो, ही कल्पना मुळात रुजली कशी?

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमध्ये निसर्गाचा अभ्यास हा बहुधा खाऊनपिऊन सुखी माणसांचा छंद होता. चार्ल्स डार्विनचा 'बीगल' जहाजावरील पाच वर्षांचा (१८३१ ते १८३६) खर्च त्याच्या वडिलांनी सोसला. पुढेही संशोधनासाठी त्याला कोणाची नोकरी करावी लागली नाही.

आल्फ्रेड रसेल वॉलेसची गोष्ट वेगळी. घरची गरिबी, शाळा अर्धवट सुटलेली. १८४८ साली तो ॲमेझॉनच्या जंगलात गेला तो कीटक आणि पक्षी गोळा करून लंडनमध्ये विकण्याच्या हिशेबाने. १८५२ साली परतताना जहाजाला आग लागली आणि सोबतचा संग्रह समुद्रात गेला. लंडनमधील दलालाने मालाचा विमा उतरवला होता, म्हणून थोडे पैसे हाती आले. पुढे १८५४ ते १८६२ या काळात त्याने मलाया द्वीपसमूहात १,२५,६६० नमुने जमवले आणि तिथेच नैसर्गिक निवडीचे तत्त्व स्वतंत्रपणे मांडले. एवढे करूनही विज्ञानात कायमची नोकरी त्याला कधी मिळाली नाही. संसाराला हातभार म्हणून तो वर्षानुवर्षे परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासत असे! अखेर १८८१ साली डार्विनने खटपट करून त्याला वर्षाला २०० पौंडांचे सरकारी निवृत्तिवेतन मिळवून दिले.

टॉमस हक्स्ली याच पिढीतला. १८५१ साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, तो रॉयल सोसायटीचा सदस्य झाला, पण पोट भरेल अशी जागा मिळेना. टोरांटोच्या प्राध्यापकपदासाठीचा त्याचा अर्ज नामंजूर झाला. अखेर १८५४ साली लंडनच्या खाणशास्त्राच्या सरकारी विद्यालयात त्याला शिकवण्याचे काम मिळाले, आणि आठ वर्षे लांबलेले लग्न पुढच्या वर्षी झाले. ही अडचण केवळ आपली नाही, हे हक्स्लीने ओळखले होते. १८७१ च्या उन्हाळ्यात त्याने साउथ केन्सिंग्टन येथे शालेय शिक्षकांसाठी एक वर्ग घेतला. त्यात शिक्षकांनी स्वतः सूक्ष्मदर्शकातून पाहायचे आणि स्वतः विच्छेदन करायचे, असा नियम होता. प्रात्यक्षिकाची ही पद्धत पसरली. शाळा-महाविद्यालयांत जीवशास्त्र आले, त्याला शिक्षक लागले, शिक्षक घडवणारे लागले आणि प्रयोगशाळा लागल्या. जीवशास्त्रज्ञाच्या नोकरीचा मोठा पाया असा वर्गात घातला गेला.

आपल्याकडे दुसरी एक वाट रोगाने पाडली. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या अपुऱ्या जागेत लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली. या कामातून उभी राहिलेली परळची प्रयोगशाळा म्हणजे आजची हाफकिन संस्था. पुढे १९१६ साली भारतीय प्राणी सर्वेक्षण विभाग सुरू झाला. जागा निर्माण झाल्या, पण मोजक्या.

त्या किती मोजक्या होत्या, हे सलीम अलींच्या आयुष्यावरून कळते. प्राणी सर्वेक्षण विभागातील पक्षितज्ज्ञाची जागा पदवी नसल्याने त्यांना मिळाली नाही. १९२६ साली ते मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये (आजचे छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय) मार्गदर्शक व्याख्याता झाले. तिथून रजा घेऊन बर्लिनला एर्विन श्ट्रेझमान यांच्याकडे शिकून आले, तर १९३० साली पैशाअभावी ती जागाच रद्द झालेली! तेव्हा ते अलिबागजवळच्या किहीमला राहायला गेले आणि पावसाळ्यात सुगरणींच्या वसाहतीचे निरीक्षण करू लागले. नर घरटे अर्धे विणतो, मादी ते पारखून पसंत करते, मग नर ते पुरे करतो आणि दुसरे घरटे विणायला घेतो. सुगरणीच्या संसाराचा हा उलगडा एका बेकार माणसाने केला. त्यानंतर त्यांनी संस्थानांच्या पक्षी-पाहण्या केल्या, त्याही फक्त खर्च घेऊन. पत्नी तेहमिना यांची साथ होती म्हणून हे जमले.

गोष्ट इथे संपत नाही. १९५७ साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि माणसे तापाने आजारी पडू लागली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने (आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था) नवा विषाणू शोधला. तो गोचिडींमार्फत पसरत होता. रशियातील एका रोगाच्या विषाणूशी त्याचे नाते दिसल्याने, स्थलांतर करणारे पक्षी गोचिडी आणतात की काय, असा संशय आला. मग जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने सलीम अलींच्या नेतृत्वाखाली हजारो पक्ष्यांच्या पायांत कडी घातली. पक्ष्यांवरचा संशय सिद्ध झाला नाही, पण त्या कामात तरुण पक्षितज्ज्ञांची एक पिढी तयार झाली. ज्या विद्येला १९३० साली एक जागा टिकवता आली नाही, तिचीच गरज तीस वर्षांच्या आत पडली. हाच माकडताप पुढे सिंधुदुर्गातही पोहोचला.

आता त्या विद्यार्थिनीला काय सांगायचे? आम्ही खरे ते सांगतो. संशोधनाची वाट लांब आहे. एम.एस्सी., पात्रता परीक्षा, पीएच.डी.ची पाच-सहा वर्षे आणि त्यापुढे बहुधा तात्पुरत्या नेमणुका. आमच्यापैकी अनेकांनी प्रकल्पाला मुदतवाढ मिळते की नाही याची वाट पाहत वर्षे काढली आहेत. कायमच्या जागांपेक्षा उमेदवार कितीतरी जास्त असतात. घरी आधार नसलेल्या मुलीला हे आधी कळलेच पाहिजे. वॉलेसची जिद्द सांगताना त्याची ओढाताण लपवू नये.

पण संशोधन ही एकच वाट नाही. रोगनिदान, लसी व औषधे, बियाणे, मत्स्यव्यवसाय, पर्यावरण पाहणी आणि अध्यापन या सगळ्यांना जीवशास्त्र लागते. २०२० साली कोविड आला, तेव्हा आरटी-पीसीआर करू शकणारी माणसे रातोरात हवी झाली. पुढची गरज कुठे उभी राहील, हे आज सांगता येत नाही. म्हणून विषयाच्या जोडीला संख्याशास्त्र, संगणक आणि एखादे हातचे कौशल्य पक्के करावे, असे आम्ही सुचवतो.

शिक्षकांना एक उपक्रम करता येईल. आपल्या गावात जीवशास्त्रावर पोट भरणारी माणसे विद्यार्थ्यांना शोधायला सांगावीत. रक्त तपासणारे तंत्रज्ञ, हिवताप विभागाचे कर्मचारी, वनरक्षक, केळीची रोपे ऊतिसंवर्धनाने तयार करणारे, असे कोणीही चालेल. काय शिकलात, काम कसे मिळाले, काय कमी पडले, हे तीन प्रश्न त्यांना विचारावेत. यादीत जीवशास्त्राच्या बाईंचे नाव लिहायला मात्र मुलांनी विसरू नये.