वऱ्हाडचा करार आणि मुक्त संमती

करार म्हणजे केवळ दोन स्वाक्षऱ्या नव्हेत. १८७२ च्या भारतीय करार कायद्यातील दहावे कलम सज्ञान व पात्र पक्षकार, त्यांची मुक्त संमती, कायदेशीर मोबदला आणि कायदेशीर उद्देश यांची अपेक्षा करते. सोळावे कलम वरचढ पक्षाने आणलेल्या गैरवाजवी दडपणाची दखल घेते.

संस्थानांशी झालेले तह या कायद्याच्या कक्षेत येत नसत. तरीही आपल्या हैदराबादच्या इतिहासातील एक प्रकरण या कसोटीवर मी घासून पाहतो. १८५३ साली कंटिंजंट फौजेच्या खर्चापोटी निजामाने वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या कारभाराखाली सोपविला. सर सालारजंग यांनी तो परत मिळविण्याची शिकस्त केली. यश आले नाही. १९०२ साली लॉर्ड कर्झन यांनी तोच प्रांत सालीना २५ लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्याने घेतला. मोबदला ठरला, संमतीही मिळाली. पण नकार देण्याची मोकळीक होती काय? पुढे निजामाने वऱ्हाड परत मागितला, तेव्हा १९२६ साली लॉर्ड रेडिंग यांनी बजावले, की संस्थानिकाला ब्रिटिश सरकारशी बरोबरीच्या नात्याने वाटाघाट करता येणार नाही. पक्षकारच न्यायाधीश झाला होता. वऱ्हाडातील मराठी रयतेला तर कोणी विचारलेच नाही.

म्हणून घरभाड्याचा कागद असो वा व्यापाऱ्याचा करारनामा, सही करण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत: मला नाही म्हणता येईल काय? आणि वाद झाल्यास निवाडा त्रयस्थ करील काय?