पोंभुर्णा : मतदारसंघ पुनर्रचना
चंद्रपूर जिल्ह्यातील हा जंगल-धानाचा तालुका २००८ च्या पुनर्रचनेपासून बल्लारपूर या खुल्या विधानसभा मतदारसंघात आहे. कागद कारखान्याचे, कोळशाचे बल्लारपूरही त्यातच. लोकसभेला यवतमाळचे वणी, आर्णी चंद्रपूरला जोडले गेले, तर चंद्रपूरचेच चिमूर, ब्रह्मपुरी गडचिरोलीकडे. पुनर्रचनेचा मसुदा प्रसिद्ध करून हरकती ऐकणे २००२ च्या परिसीमन कायद्याने परिसीमन आयोगावर बंधनकारक आहे. लोकसंख्येखेरीज भूरचना, प्रशासकीय सीमा, दळणवळण, लोकांची सोय हे निकष. वस्त्यांचे आपसांतले नाते त्यांत नाही, ही मोठी उणीव. अनुसूचित जमातींच्या राखीव जागा त्यांचे प्रमाण अधिक असलेल्या भागांना मिळतात. बाकीचे आदिवासी मतदार खुल्या मतदारसंघांत विखुरतात. नगरपंचायतीच्या प्रभागरचनेवरही हरकत घेता येते : एकच मोहल्ला दोन प्रभागांत तुटला, तर रहिवाशाला नकाशावर बोट ठेवून ते दाखवता येते.