विकर पचनाचे, मग जीवाणू कोणाचे?

कोंबडीखाद्यातील विकरांविषयी (एन्झाइमांविषयी) एक मत इतके रुळले आहे की त्याची उलटतपासणी क्वचितच होते. झायलनेज हे विकर गव्हातील पेंटोसन ही चिकट, न पचणारी बहुशर्करा तोडते, आतड्यातील चिकटपणा उतरतो, पिल्लाला ऊर्जा जास्त मिळते. जीवाणूंमध्ये दिसणारा बदल हा केवळ मागाहूनचा परिणाम. हे मत पोकळ नाही. विकर म्हणजे प्रथिन, ते जीवाणू मारायला घातलेले नसते. आणि चिकटपणा खरोखर उतरतो, तो मोजताही येतो.

पण पिल्लाच्या पचनाच्या नुकसानीचे सारे कारण चिकटपणा हेच असेल, तर जीवाणू वगळले तरी ते नुकसान तेवढेच राहायला हवे. राहते का? जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या पिल्लांना चिकट पेक्टिन दिले, तेव्हा साध्या पिल्लांच्या मानाने त्यांचे फारच कमी बिघडले. पेक्टिन तेच होते. ऑस्ट्रेलियात चॉक्ट आणि ॲनिसन यांनी गव्हाचे पेंटोसन खाणाऱ्या पिल्लांना प्रतिजैविक दिले, तर नुकसान काही अंशी भरून निघाले. प्रतिजैविक पेंटोसन तोडत नाही. मग त्याने आवरले कोणाला?

चॉक्ट व सहकाऱ्यांचा १९९६चा प्रयोग याहून बोलका आहे. विद्राव्य पेंटोसन वाढवताच लहान आतड्यात जीवाणूंचे किण्वन वाढले. विकर घालताच ते तेथे ओसरले आणि लहान आतड्यापुढच्या सीकममध्ये (आंधळ्या आतड्यात) वाढले. म्हणजे जीवाणूंची जागा बदलली. जागेला एवढे महत्त्व का? लहान आतड्यातले जीवाणू पिल्लाच्याच ताटात जेवतात, शिवाय चरबी पचवायला लागणाऱ्या पित्तक्षारांची मोडतोड करतात. पहिल्या आठवड्यांत पिल्लाचे चरबीचे पचन मुळातच कच्चे. त्यात पित्त वाया गेले तर चरबी विष्ठेतून जाते. सीकममध्ये तेच किण्वन ब्यूटिरेटसारखी आम्ले देते, आणि ती पक्ष्याच्या उपयोगी पडतात. अंड्यातून बाहेर येताना पिल्लाच्या आतड्यात जीवाणू अगदी थोडे असतात. वस्ती बसते ती त्यानंतरच्या दिवसांत. जागावाटपाचा हा निकाल ‘मागाहूनचा’ कसा ठरेल?

प्रतिपक्षाचा एक आक्षेप मात्र मला मान्य आहे. हा पुरावा मुख्यतः गव्हाचा. महाराष्ट्रातली पिल्ले मका आणि सोयापेंडीवर वाढतात, आणि त्या खाद्यात चिकटपणा फारसा नसतोच. गव्हावरचे आकडे दाखवून मक्याच्या खाद्यात विकर खपवणे हा अप्रामाणिकपणा आहे. पण त्यातून ‘मक्यावर जीवाणूंचा प्रश्नच नाही’ असे निघत नाही. सोयापेंडीतील रॅफिनोज आणि स्टॅकिओज या शर्करा पिल्लाला पचवता येत नाहीत. त्या पचवतात जीवाणूच.