बेळगावचा भुईकोट आणि त्यातील कमल बस्ती

हिंडलग्याहून वेंगुर्ला मार्गाने बेळगावात येऊन शहर ओलांडले की पूर्वेला खंदकाने वेढलेला भुईकोट लागतो. रट्ट राजांनी सौंदत्तीहून आपली राजधानी येथे हलविली. चौथ्या कार्तवीर्याचा मंत्री बिचिराज याने 1204 मध्ये कमल बस्ती हे जैन मंदिर बांधविले. गाभाऱ्यात नेमिनाथ आहेत. पण नजर खिळते ती मंडपाच्या छताकडे. तेथे दगडी कमळ खाली तोंड करून उमललेले आहे. खालचे घोटीव खांब त्याच तोलामोलाचे.

पंधराव्या शतकात महमूद गवानने हा कोट बहामनी राज्यास जोडला. पुढे तो आदिलशाहीत असदखान लारीकडे आला. त्याच्या नावाशी जोडलेल्या साफा मशिदीतील काही खांब जुन्या मंदिरांचे असून त्यांवर रट्टकालीन शिलालेख आढळतात. राजधानीचा पुरावा असा मशिदीत टिकला. 1818 मध्ये कोट इंग्रजांकडे गेला.

स्वामी विवेकानंद 1892 मध्ये बेळगावी आले होते. त्यांचे स्मारकही कोटातच आहे. कमल बस्तीशेजारची चिक्की बस्ती मात्र भग्नावस्थेत आहे. कमळ पाहून परतणाऱ्यांनी तिच्याकडेही वळावे. रट्टांच्या शिल्पकलेचा तोही अस्सल अवशेष होय.