दंतावर कोरलेला नाच

अलास्काच्या उत्तर-पश्चिम किनाऱ्यावर हिंवाळ्यांत समुद्रही गोठतो. तेथील इनुपियाक लोकांना पूर्वीं लिपी नव्हती. चित्रांची हौस मात्र दांडगी. सुताराच्या सामत्याला असते तशी कमान भोंकें पाडण्यासाठीं ते वापरीत. ती वॉलरसच्या सुळ्याची असे, आणि तिच्यावर शिकार, होड्या व घरें यांच्या जोडीला नाचणारीं चिमुकलीं माणसें आणि डफवाले कोरलेले असत. एकोणिसाव्या शतकांत दर्यावर्दी लोकांनीं अशा कमानी गोळा करून नेल्या.

नाचांत थोर मान ‘किवगिक’ या उत्सवाचा. देवमाशाच्या शिकारीचा एखादा सधन नायक दुसऱ्या गांवीं दूत धाडी, आणि पाहुणे बर्फावरून कुत्र्यांच्या गाड्या हांकीत येत. मग देवघेव, शर्यती, मेजवानी आणि सार्वजनिक घरांत नाच. यांतूनच दूरदूरच्या गांवांचे व्यापार व सोयरसंबंध टिकत. उत्सवाची कथाही विलक्षण आहे. एका शिकाऱ्यानें प्रचंड गरुडाचें पिल्लूं मारलें. पुत्रशोकानें व्याकुळ झालेल्या गरुडमातेच्या समाधानासाठीं हा उत्सव सुरू झाला. छतापासून टांगलेल्या लांकडी पेटीच्या ढोलाचा ठोका म्हणजे त्या मातेच्या काळजाचा ठोका!

१८९० पासून या किनाऱ्यावर मिशनऱ्यांच्या शाळा निघाल्या. जुने नाच त्यांतील पुष्कळांना भूतपूजा वाटले. वेनराइट गांवीं १९१४ सालीं झालेला किवगिक जुन्या परंपरेंतला शेवटचा. पुढें १९१८ च्या इन्फ्लुएंझानें सूअर्ड द्वीपकल्पांतील कित्येक गांवें जवळजवळ ओस पाडलीं. नाच जाणणारीं माणसेंही त्यांत गेलीं.

तेथलाच किवेतोरुक मोझेस हा शिकारी. विमानाच्या अपघातानें शिकार सुटली, आणि पन्नाशीच्या सुमारास त्यानें पेन्सिल, शाई व रंग हातीं घेतले. जुने नाच, मांत्रिक, पोशाख त्यानें बारकाईनें रेखाटले. हीं चित्रें विक्रीसाठीं आणि आठवणीवरून काढलेलीं, म्हणून तीं जपून वाचावीं हें खरें. पण पुस्तकी वर्णनाला तो जिवंतपणा येत नाहीं.

चित्रांतून ताल मात्र ऐकूं येत नाहीं. तो वृद्धांच्या कानांत उरला होता. जानेवारी १९८८ मध्यें बॅरो येथें, ज्याचें नांव २०१६ पासून पुन्हां उतकियागविक झालें, त्यांना विचारून किवगिक भरविण्यांत आला. चौऱ्याहत्तर वर्षांनंतर पेटीचा तो ढोल पुन्हां वाजला.