वीरकथेचा परतीचा रस्ता

कागलच्या पंचक्रोशीत ज्या घरांचे कुलदैवत जोतिबा आहे, त्या घरांतील मुलांना देवाची कथा निराळी शिकवावी लागत नाही. चैत्री पौर्णिमेच्या सुमारास सासनकाठ्या वाडी रत्नागिरीच्या वाटेला लागल्या, गुलाल उधळला गेला, की ती आपोआप त्यांच्या कानी पडते. रत्नासुर नामक दैत्याने या प्रांतात उच्छाद मांडला. करवीरच्या महालक्ष्मीने साह्यार्थ हाक दिली. केदारनाथ हिमालय सोडून दक्षिणेत आला आणि त्याने दैत्याचा वध केला. कार्य उरकून देव माघारी निघाला असता देवीने त्याला राहवून घेतले, आणि तो त्या डोंगरावर कायमचा राहिला.

अशा कथांची पाश्चात्त्य पंडितांनी मोठी चिकित्सा केली आहे. व्लादिमीर प्रॉप या रशियन अभ्यासकाने १९२८ साली परीकथांतील पात्रांची ३१ कृत्ये क्रमवार लावून दाखविली. लॉर्ड रॅगलन या इंग्रज गृहस्थाने १९३६ साली वीरपुरुषांच्या चरित्रांत आढळणारी २२ लक्षणे मोजली. पुढे १९४९ साली अमेरिकेतील जोसेफ कॅम्बेल याने सर्वांचे सार तीन पावलांत सांगितले: वीर घर सोडतो, परीक्षेला उतरतो, आणि काही तरी मिळवून घरी परत येतो. मारुतीचे लंकागमन या मापात अगदी चपखल बसते. रामाची अंगठी घेऊन तो समुद्र ओलांडतो आणि सीतेचा चूडामणी घेऊन परततो. जाताना एक खूण, येताना दुसरी.

परंतु माप चपखल बसले म्हणजे वस्तू कळली असे होत नाही. याचे उदाहरण कागलातच आहे. कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव हा बालक १७ मार्च १८८४ रोजी कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेला आणि शाहू झाला. जन्मघर सुटले, शिक्षणासाठी राजकोट व नंतर धारवाड येथे राहणे घडले, २ एप्रिल १८९४ रोजी राज्याधिकार हाती आला. रॅगलनसाहेबाला याहून सोयीचे चरित्र कोठून मिळणार? पण ज्यासाठी लोक शाहू महाराजांचे नाव घेतात, ते या साच्यात कोठेच येत नाही. सरकारी नोकऱ्यांतील ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवणारा २६ जुलै १९०२ चा हुकूम कोणत्याही दैत्याला मारून आणलेला नव्हता. तो विचार करून, विरोध सोसून, दरबारी कागदावर काढलेला होता. कथेचा साचा अशा कामाला मुळीच उपयोगी पडत नाही.

याहून बिकट प्रसंग कागलच्या दक्षिणेस, गडहिंग्लजच्या पलीकडे नेसरीला घडला. एप्रिल १६७३ मध्ये सरनोबत प्रतापराव गुजर याने उमराणीजवळ आदिलशाही सरदार बहलोलखान याला पाण्यावाचून कोंडले, आणि तो गयावया करू लागताच जाऊ दिले. शिवाजी महाराजांना ही दया रुचली नाही. खान पुन्हा मुलखात उतरला, तेव्हा त्याला बुडविल्याखेरीज आपल्याला तोंड दाखवू नये, असा त्यांचा निरोप गेल्याचे सभासद आपल्या बखरीत सांगतो. पंडितांच्या तीन पावलांतील तिसरे पाऊल येथे धन्यानेच रोखून धरले होते. घरी येण्याची वाट होती, पण ती खानावरून जात होती. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी प्रतापराव नेसरीला पडला.

सात स्वार एका सैन्यावर तुटून पडले, हे महाराष्ट्रात मुलांनाही ठाऊक आहे. सात हा आकडा कथेकऱ्यांचा आवडता. सप्तर्षी, सात समुद्र, सात बहिणी. तेव्हा सातच स्वार होते असे ऐकले की विचारी माणसाला संशय यावा हे स्वाभाविक आहे. शिवाय १६९७ च्या सभासद बखरीत सातांचे नाव नाही. तिच्यात जेसरीस मोठे युद्ध झाले आणि प्रतापराव तरवारीच्या वारांनी ठार झाला, एवढेच आहे. येथे थांबले असते, तर सात ही शाहिरांची भर म्हणून निकाल देता आला असता. परंतु इंग्रजांचा दुभाषी नारायण शेणवी याचे ४ एप्रिल १६७४ चे पत्र उपलब्ध आहे. घटनेला तेव्हा दीड महिनाही झाला नव्हता. दोन डोंगरांमधल्या अरुंद वाटेत प्रतापराव आणखी सहा स्वारांसह मारला गेला, बाकीच्या सैन्याची त्याला कुमक झाली नाही, असे तो मुंबईच्या इंग्रजांना कळवितो. कथेसारखा दिसणारा आकडा हिशेबी माणसाच्या टिपणात सापडावा आणि बखरीने तो गाळावा, हा उलटा न्याय खराच.

त्या पत्रातील कुमकेविषयीचे शब्द मात्र वीरकथेला अडचणीचे आहेत. सेनापतीने सेना मागे टाकून पुढे जावे हे युद्धशास्त्राला मान्य नाही, आणि ते शौर्याच्या नावाखाली झाकण्याचेही कारण नाही. प्रतापराव अनुभवी होता. खिंडीत सहा स्वारांनिशी काय होणार हे त्याला कळत नव्हते असे मानणे कठीण आहे. त्याला विजयापेक्षा त्या निरोपातून सुटका हवी असावी, असाच अर्थ लागतो. जे सहा बरोबर गेले त्यांना तर कोणी तोंड दाखवू नये असे सांगितले नव्हते. पत्राने त्यांची संख्या ठेवली, नावे ठेवली नाहीत.

पुढे हंबीरराव मोहिते सरनोबत झाला, आणि त्याच वर्षी ६ जून रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला. प्रतापरावाच्या घरी रायगडाचा निरोप पुन्हा आला तो सहा वर्षांनी, निराळ्या कारणाने. मार्च १६८० मध्ये महाराजांनी आपला धाकटा पुत्र राजाराम याचा विवाह प्रतापरावाची कन्या जानकीबाई हिच्याशी लावला. लग्नानंतर तीन आठवड्यांच्या आत, ३ एप्रिल रोजी, महाराजांचे निधन झाले.